आमदारांचा प्रश्न, मंत्र्यांचं उत्तर आणि आपला पैसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी आमदारांच्या कार्यालयांसाठी विधिमंडळाचे प्रश्न लिहून देते. अधिवेशन जवळ आलं की ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात. 'ताई, आमच्या गावचं एवढं विचारायला सांगा ना.' त्या फोनवर जे पुन्हापुन्हा विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्राची आहेत. संसदेचा आणि गोव्याचा संबंध आला तिथे त्यांचीही दिली आहेत.

आमदार सभागृहात प्रश्न विचारतात म्हणजे नेमकं काय करतात?

टीव्हीवर दिसतो तो शेवटचा भाग. मूळ प्रश्न लेखी असतो आणि अधिवेशनाच्या बराच आधी विधानमंडळ सचिवालयात दाखल झालेला असतो. त्याचे दोन मुख्य प्रकार. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उत्तर देतात आणि त्या उत्तरावर आमदारांना उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं.

अतारांकित म्हणजे दुय्यम, असा समज आहे. मला तो पटत नाही. जिल्हानिहाय रिक्त पदं, तालुकानिहाय खर्च, वर्षनिहाय यादी हवी असेल तर अतारांकितच बरा. सभागृहात उभं राहून कोणी पन्नास ओळींचा तक्ता वाचून दाखवत नाही.

छापील प्रश्नाची भाषा इतकी वेगळी का असते?

ठरलेला साचा आहे म्हणून. सुरुवात अशी : 'सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय'. मग एकेक भाग. (1) अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय? (2) असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय? (3) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

हा साचा रटाळ वाटतो खरा, पण त्यातला प्रत्येक भाग मागच्या भागाला कडी लावतो. 'खरे आहे' म्हटलं की 'मग काय केलं' आलंच. काही केलं नसेल तर 'का नाही' हेही सांगावं लागतं. शेवटचा विलंबाचा भाग मी कधीच गाळत नाही. नवे स्वीय सहायक जागा वाचवायला तो काढून टाकतात आणि तिथेच फसतात.

उत्तरात 'हे अंशतः खरे आहे' असं येतं. त्याचा अर्थ काय घ्यायचा?

हे चार शब्द सावकाश वाचायचे. उत्तरं साधारण चार तऱ्हेची असतात : 'होय, हे खरे आहे', 'हे खरे नाही', 'हे अंशतः खरे आहे' आणि 'प्रश्न उद्भवत नाही'.

अंशतः खरे म्हणजे तुमच्या प्रश्नातला कुठला तरी तपशील चुकला आहे आणि बाकीचा बरोबर आहे. प्रश्नात 'सहा महिन्यांपासून' असेल आणि प्रत्यक्षात पाच महिने झाले असतील, तर उत्तर अंशतः खरे. म्हणून पुढचा मजकूर नीट वाचायचा. विभागाला जे मान्य आहे ते तिथे लिहिलेलं असतं.

'हे खरे नाही' याला सगळ्यात जास्त जागा आपणच देतो, आणि ती विशेषणांतून. एकदा मी लिहिलं होतं, 'तालुक्यातील आरोग्य सेवेचा पूर्णतः बोजवारा उडाला आहे, हे खरे आहे काय?' उत्तर आलं : हे खरे नाही. पुढचे सगळे भाग : प्रश्न उद्भवत नाही. पूर्ण प्रश्न एका ओळीत निकालात निघाला. बोजवारा म्हणजे किती, हे कोणी मोजू शकत नाही. चूक माझी होती.

पुढच्या अधिवेशनात तोच विषय वेगळ्या शब्दांत गेला. त्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक्स-रेच्या खोलीला कुलूप होतं. पाय मोडलेल्या माणसाला जीपमध्ये घालून शहरातल्या खासगी सेंटरला न्यायचे. मी जाऊन पाहिलं तेव्हा यंत्रावर चादर घातलेली होती आणि चादरीवर धुळीचा थर होता. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, 'यंत्र चांगलं आहे ओ, चालवायला माणूस नाही.' त्या एका वाक्याने प्रश्न बदलला. मला वाटत होतं यंत्र बिघडलं आहे. खरी अडचण पदाची होती. मग विचारलं : क्ष-किरण तंत्रज्ञाचं पद मंजूर आहे काय, ते कोणत्या तारखेपासून रिक्त आहे, त्या काळात यंत्राच्या देखभालीवर किती खर्च झाला, आणि पद भरण्यास विलंबाची कारणं काय? या वेळी 'होय' आलं. तारीख आली, देखभालीची रक्कमही आली. माणूस नसताना यंत्राच्या देखभालीचे पैसे जात होते, हे विभागाने स्वतःच्या सहीने लिहून दिलं.

प्रश्न दाखल झाल्यावर मंत्रालयात काय होतं?

सरकारी कार्यालयांत त्याला 'एलएक्यू' (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात. 'एलएक्यू आलाय' म्हटलं की बाकीची कामं बाजूला पडतात. प्रश्न विधान भवनातून संबंधित विभागाकडे येतो, तिथल्या कार्यासनावर, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या शाखेत, जातो. कार्यासन अधिकारी आयुक्तालयाकडे किंवा संचालनालयाकडे माहिती मागतात, ते जिल्ह्याकडे, जिल्हा तालुक्याकडे. 'आजच्या आज पाठवा' असा निरोप येतो आणि तालुक्याच्या कार्यालयातला एखादा लिपिक संध्याकाळी सातला रजिस्टर उघडून बसतो. त्याने भरलेला आकडा मग त्याच वाटेने वर चढतो : टिपणी, अवर सचिव, उपसचिव, सचिव, मंत्री.

तारांकित असेल तर मंत्र्यांचं ब्रीफिंग होतं. आमदार आणखी काय विचारू शकतील याचा अंदाज घेऊन जादा माहितीची फाइल तयार ठेवतात. उत्तर चालू असताना अधिकारी गॅलरीत बसलेले असतात आणि अडलं की तिथून चिठ्ठी जाते. हिवाळी अधिवेशनात हा सगळा कारभार नागपूरला हलतो. 1953 च्या नागपूर कराराने तिथे दरवर्षी अधिवेशन घेण्याचं ठरलं होतं.

माझ्या अनुभवात निम्मं काम या प्रवासातच होऊन जातं. 'कार्यवाही केली आहे' असं लिहिता यावं म्हणून अडलेली फाइल उत्तराच्या आधीच सुटते. वर सांगितलेल्या रुग्णालयात उत्तर सभागृहात पोचण्याच्या आठवडाभर आधी शेजारच्या रुग्णालयातले तंत्रज्ञ आठवड्यातून तीन दिवस येऊ लागले.

संसदेतही असंच असतं का?

मूळ चौकट तीच, आकडे ठरलेले. लोकसभेत एका दिवशी 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न लागतात. राज्यसभेत 15 आणि 160. लोकसभेसाठी किमान पूर्ण 15 दिवसांची सूचना लागते, आणि क्रम सोडतीने ठरतो. लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास सकाळी 11 ला, राज्यसभेचा 2014 पासून दुपारी 12 ला.

गोव्याची विधानसभा 40 जणांची. सभागृह लहान असल्यामुळे एकेका सदस्याला खोलात जायला वाव मिळतो, आणि तिथल्या लेखी उत्तरांतून वर्तमानपत्रांना बातम्या मिळत राहतात.

सरकारी खर्चाबद्दल प्रश्न कसा विचारावा?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच.

लोक विचारतात, 'या योजनेला किती पैसे दिले?' या एका प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं असतात आणि मंत्री त्यातलं सोयीचं देतात. पहिला आकडा अर्थसंकल्पित तरतुदीचा : सभागृहाने मंजूर केला तो. दुसरा वितरित निधीचा : वित्त विभागाने खरोखर सोडला तो. तिसरा प्रत्यक्ष खर्चाचा. तरतूद शंभर, वितरण साठ आणि खर्च पस्तीस, अशी स्थिती असेल तर भाषणात शंभर ऐकू येतात आणि गावात पस्तीस दिसतात. म्हणून तिन्ही आकडे नाव घेऊन मागायचे, वर्षनिहाय मागायचे आणि शक्य असेल तर लेखाशीर्षासह, म्हणजे सरकारी हिशेबात त्या खर्चाला दिलेल्या क्रमांकासह, मागायचे. आरोग्याचा खर्च 2210 या मुख्य लेखाशीर्षाखाली असतो, सर्वसाधारण शिक्षणाचा 2202 खाली. लेखाशीर्ष लिहिलं की विभागाला दुसऱ्याच योजनेचा आकडा देता येत नाही.

पुढे दोन गोष्टी जोडायच्या. एक, खर्चाची तारीख. वर्षभर काही नाही आणि मार्चएंडला एकदम बिलं निघाली, तर ते महिनानिहाय तक्त्यात लगेच उमटतं. दुसरी, उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे दिलेले पैसे त्याच कामावर खर्च झाले असं लिहून देणारा कागद. जिल्हा परिषदेला किंवा संस्थेला पैसे दिले, म्हणजे काम झालं असं नाही. प्रमाणपत्र आलं का, हे विचारायचं. बांधकाम असेल तर प्रशासकीय मान्यता कधी, कार्यारंभ आदेश कधी आणि आजवर देयक किती, या क्रमाने जायचं. रस्ता कुठे अडला ते या तीन उत्तरांतच कळतं.

पुरवणी मागण्या म्हणजे काय? दर अधिवेशनात त्या का येतात?

मंजूर रक्कम पुरली नाही किंवा नवा खर्च निघाला, तर सरकारला सभागृहाकडे परत यावं लागतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद 205 मध्ये त्याची सोय आहे. अवकाळी पाऊस, पूर, न्यायालयाचे आदेश यासाठी ती हवीच.

पण आकार बघा. जुलै 2024 च्या अधिवेशनात महाराष्ट्रात 94,889 कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. ते निवडणुकीचं वर्ष होतं. त्याच डिसेंबरात आणखी 35,788 कोटी. जून 2025 च्या अखेरीस 57,509 कोटी. 2025-26 चा अर्थसंकल्पच सुमारे 7 लाख कोटींचा आणि त्यात महसुली तूट 45,891 कोटींची धरलेली. त्याच्यापुढे हे आकडे ठेवून पाहावेत. मार्चमध्ये अर्थसंकल्पावर दिवसचे दिवस चर्चा होते आणि तीन महिन्यांनी त्याच्या आठ टक्क्यांइतकी रक्कम दोनेक दिवसांत मंजूर होते. माझ्या मते आमदारांनी खरं लक्ष इथे द्यायला हवं. पुरवणी मागण्यांच्या पुस्तिकेत प्रत्येक बाबीखाली कारणाचा एक छोटा परिच्छेद असतो. तो वाचून 'हा खर्च मार्चमध्ये कळला नव्हता काय?' एवढंच विचारलं तरी बरंच बाहेर येतं.

कपात सूचनेने खरंच पैसे कापले जातात का?

सहसा नाही. सरकारकडे बहुमत असतं. कपात सूचना म्हणजे विभागाने मागितलेली रक्कम कमी करा असा प्रस्ताव, आणि खरं तर ती त्या विभागावर बोलण्याची वाट आहे. लोकसभेच्या नियमांत धोरण नामंजूर असेल तर मागणी एक रुपयापर्यंत खाली आणायची, आणि एखादं गाऱ्हाणं मांडायचं असेल तर शंभर रुपयांनी कमी करायची सूचना देतात. मुदत संपली की राहिलेल्या मागण्या चर्चेविना एकत्र मताला टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात. कित्येक विभागांचा खर्च असा एक शब्दही न बोलता मंजूर होतो.

विधान परिषदेच्या आमदारांनी विचारलं तर तेवढंच वजन असतं का?

प्रश्नाला तेवढंच. मतदानाला नाही. विधानसभेत 288 सदस्य, परिषदेत 78. खर्चाच्या मागण्यांवर मत फक्त विधानसभेचं, आणि मंत्रिमंडळ जबाबदारही विधानसभेलाच. पण शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांतून आलेले सदस्य परिषदेत असल्यामुळे शाळा, अनुदान, वेतन यांवरचे प्रश्न तिथे फार बारकाईने येतात.

लेखी उत्तर किती मोलाचं असू शकतं, याचं अलीकडचं उदाहरण परिषदेतलंच आहे. जुलै 2025 मध्ये मदत व पुनर्वसन मंत्र्यांनी लेखी उत्तर दिलं की जानेवारी ते मार्च 2025 या तीन महिन्यांत राज्यात 767 शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातली 373 प्रकरणं मदतीला पात्र, 200 अपात्र, 194 चौकशीसाठी प्रलंबित. एकूण आकडा सगळ्यांनी छापला. मला मात्र पुढची फोड महत्त्वाची वाटते. पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. दोनशे घरांना ते नाकारले गेले, ते कशाच्या आधारावर? एकशे चौऱ्याण्णव घरं कशाची वाट बघत होती? पुढचे दोन प्रश्न त्या उत्तरातच लिहून ठेवलेले आहेत.

ही पद्धत इंग्रजांची. आपल्या लोकांनी तिचं काय केलं?

फार मोठं काम केलं. 1892 च्या कायद्याने कायदेमंडळातल्या सदस्यांना प्रश्न विचारायचा हक्क मिळाला, पण उपप्रश्नाची मुभा नव्हती. ती 1909 नंतर मूळ प्रश्नकर्त्याला मिळाली. अर्थसंकल्पावर बोलता यायचं, मत देता यायचं नाही.

त्या अपुऱ्या जागेत गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च 1902 मध्ये कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं. सरकार शिलकीचा अर्थसंकल्प मिरवत होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेतले आणि दाखवलं की दुष्काळ आणि प्लेगने लोक पिचलेले असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो आहे. मिठावरचा कर कमी करा, ही त्यांची मागणी. 1903 मध्ये तो मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला आणि पुढच्या वर्षांत आणखी उतरला. हे श्रेय एकट्या भाषणाला देणं बरोबर होणार नाही, पण सरकारी आकडा सरकारपुढे उलटा धरायची रीत त्यांनी घालून दिली.

1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विधिमंडळावर नियुक्त सदस्य म्हणून आले. आल्या आल्या फेब्रुवारीत ते अर्थसंकल्पावर बोलले आणि मार्चमध्ये शिक्षणाच्या अनुदानावर. तिथे त्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले. सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करतं आणि दारूच्या अबकारी करातून दरडोई दोन रुपये दोन आणे नऊ पै गोळा करतं. निदान जेवढं दारूतून घेता तेवढं तरी शिक्षणावर खर्च करा, एवढंच मागणं. प्रश्न लिहायला शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हे उदाहरण सांगते. त्यात एकही विशेषण नाही. दरडोई हिशेब केल्यामुळे कोट्यवधींचा अर्थसंकल्प एका माणसाच्या मुठीत येतो. आज एखाद्या जिल्ह्याचा औषधखर्च लोकसंख्येने भागून बघा, मग कळेल.

प्रश्नामुळे मंत्र्यांना जावं लागलं, असं कधी झालंय का? सत्ताधारी आमदार तर गप्पच बसतात ना?

दोन्हींचं उत्तर एकाच प्रकरणात आहे. 1957 मध्ये नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. लोकसभेत त्यावर प्रश्न आले, उत्तरांनी समाधान झालं नाही, आणि डिसेंबर 1957 मध्ये फिरोज गांधींनी तारखा आणि भाव मांडून ते प्रकरण उघडं केलं. ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार होते आणि पंतप्रधानांचे जावई. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे गेली. त्यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली आणि थोड्याच आठवड्यांत अहवाल दिला. फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

सत्ताधारी आमदारांना प्रश्न विचारायची पूर्ण मुभा आहे आणि ते विचारतातही. मतदारसंघातलं रखडलेलं काम पुढे ढकलायला ती चांगली वाट असते. 2024 च्या निवडणुकीत महाराष्ट्रात एकाही विरोधी पक्षाला 29 जागा, म्हणजे एकूण जागांचा दहावा भागही, मिळाल्या नाहीत. अशा सभागृहात सत्तेच्या बाकांवरून आलेल्या प्रश्नाला अधिकच मोल आहे.

मंत्र्यांनी चुकीचं किंवा अर्धवट उत्तर दिलं तर?

तारांकितमध्ये उपप्रश्न हाच पहिला उपाय. अध्यक्षांना उत्तर अपुरं वाटलं तर ते प्रश्न राखून ठेवतात आणि पूर्ण माहिती घेऊन या म्हणून मंत्र्यांना सांगतात. उत्तरातून मोठा मुद्दा निघत असेल तर अर्धा तास चर्चा मागता येते. जाणूनबुजून खोटी माहिती दिली असं वाटलं तर हक्कभंगाची सूचना.

'माहिती गोळा करण्यात येत आहे' हे उत्तर आलं तर तारीख टिपून ठेवायची आणि पुढच्या अधिवेशनात त्याच उत्तराचा क्रमांक देऊन पुन्हा विचारायचं.

मंत्री सभागृहात म्हणाले 'तीन महिन्यांत करू'. त्याची नोंद कुठे राहते?

राहते. 'चौकशी करू', 'तपासून घेऊ', 'बैठक लावू' अशी वाक्यं आश्वासन म्हणून वेगळी काढली जातात आणि आश्वासन समिती त्यांचा पाठपुरावा करते. अडचण अशी की आपण लोकच ते विसरतो. पेपरात 'मंत्र्यांची घोषणा' छापून येते, सत्कार होतो, विषय संपतो. सभागृहाच्या कामकाजाची प्रतिवेदकांनी घेतलेली शब्दशः नोंद असते. त्यातलं मंत्र्यांचं वाक्य, दिनांक आणि पान शोधून आमदारांच्या टेबलावर ठेवा.

लक्षवेधी वेगळी का?

तातडीच्या सार्वजनिक विषयावर मंत्र्यांचं लक्ष वेधून निवेदन मागायचं असेल तर विधानसभेत नियम 105 खाली लक्षवेधी सूचना देतात. प्रश्नाइतका आधी वेळ लागत नाही. मोठ्या विषयावर सविस्तर चर्चा हवी असेल तर विधानसभेत नियम 293, परिषदेत नियम 260.

पैसे खर्च होऊन गेल्यावर कोण विचारतं?

महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा अहवाल अनुच्छेद 151 नुसार राज्यपालांकडे जातो आणि विधिमंडळात मांडला जातो. पुढे लोकलेखा समिती विभागाच्या सचिवांना बोलावून साक्ष घेते. तिथे कॅमेरे नसतात, घोषणा नसतात. दोन-अडीच तास एकाच परिच्छेदावर प्रश्न चालतात. जिल्हा परिषदांसाठी पंचायती राज समिती आहे. ती दौऱ्यावर येणार म्हटलं की जिल्ह्यात कपाटं उघडली जातात. रोजगार हमी योजनेसाठीही विधिमंडळाची स्वतंत्र समिती आहे.

कॅगचा अहवाल बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, म्हणून त्यावर लगेच चर्चा होत नाही. तो सुट्टीत वाचून पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्न काढणारे आमदार मी पाहिलेत. थोडे आहेत, पण त्यांच्या प्रश्नांना 'हे खरे नाही' असं उत्तर देणं विभागाला फार जड जातं.

पैसे घेऊन प्रश्न विचारले जातात, हे खरं आहे का?

झालेलं आहे. डिसेंबर 2005 मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडलेल्या 11 खासदारांना संसदेने बडतर्फ केलं. 10 लोकसभेचे, एक राज्यसभेचा. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. मार्च 2024 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केलं की सभागृहातल्या भाषणाला किंवा मताला असलेलं संरक्षण लाचेला मिळत नाही.

प्रश्न विकला गेला की तो लोकांचा राहत नाही, ठेकेदाराचा होतो. याहून मोठी चोरी मला सुचत नाही.

माहिती अधिकार असताना आमदारांकडे कशाला जायचं?

दोन्ही लागतात. माहिती अधिकारात दहा रुपयांत अर्ज होतो, तीस दिवसांत उत्तर यायला हवं, आणि मुख्य म्हणजे कागदाची प्रत मिळते. पण तो 'का' विचारू शकत नाही. अस्तित्वात असलेली माहितीच मिळते. विधिमंडळात 'विलंबाची कारणे काय' असं विचारता येतं आणि मंत्र्यांना बांधील राहावं लागतं.

2005 च्या मूळ कायद्यात कलम 8 मध्ये एक सुंदर वाक्य होतं : जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने ते कलम बदललं. त्यामुळे आमदारांचा प्रश्न आता आणखी जपायला हवा.

प्रश्न महापालिकेचा असेल तर?

नगरसेवक हीच पहिली पायरी. पण मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर तिथे प्रशासकच कारभार पाहत राहिले. त्या काळात गटार, पाणी, रस्ते हे विषयही विधिमंडळात आले, कारण विचारायला दुसरी जागाच नव्हती. असा प्रश्न नगर विकास विभागाला विचारायचा.

गोंधळात प्रश्नोत्तराचा तास बुडाला तर सगळं वाया जातं का?

लेखी उत्तर जात नाही. उपप्रश्न जातो, आणि मंत्र्यांना तोंडावर विचारायची संधी जाते. सप्टेंबर 2020 मध्ये कोविडच्या काळात संसदेने प्रश्नोत्तराचा तासच वगळला होता; फक्त लेखी उत्तरं मिळाली. त्या उत्तरांवर उभं राहून 'मग असं का?' विचारणारं कोणी नव्हतं.

माझ्या आमदारांना प्रश्न द्यायचा आहे. कसा देऊ?

अधिवेशन सुरू झाल्यावर जाऊ नका, निदान दीड-दोन महिने आधी जा. एका कागदावर एकच विषय. गाव, संस्थेचं नाव, तारीख, मंजूर रक्कम, आणि हातात असलेला एखादा पुरावा : फलकाचा फोटो, माहिती अधिकाराचं उत्तर, ग्रामसभेचा ठराव. आमदार भेटले नाहीत तर स्वीय सहायकांना द्या. बहुतेक वेळा प्रश्न तेच टाइप करतात. पोच घ्या.

न्यायालयात चालू असलेलं प्रकरण, केंद्राचा विषय, कुणाच्या खासगी आयुष्यातली गोष्ट नियमात बसत नाही. रेल्वे, टपाल, राष्ट्रीयीकृत बँक असेल तर खासदारांकडे जा. आमदारांनी नकार दिला तर विधान परिषदेतल्या कुणाकडे जा. परिषदेच्या सदस्यांना कुठल्याही जिल्ह्याचा प्रश्न विचारता येतो.

आणि उत्तर आल्यावर?

त्याची प्रत काढून ज्या ठिकाणचा विषय आहे तिथे न्या. त्या ग्रामीण रुग्णालयाचं उत्तर मी छापून नेलं आणि सिस्टरना दिलं. पद किती काळ रिक्त होतं ती तारीख त्यांनी दोनदा वाचली. ते कागद त्यांनी औषधांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवले. आता तिथे आठवड्यातून तीन दिवस एक्स-रे निघतो. उरलेल्या दिवसांचा प्रश्न पुढच्या अधिवेशनासाठी दिला आहे.